भिंतीसमोरची सीट: पैसे भरण्याआधी

मा. संपादक,

महोदय,

लंडन, लिस्बन, टोरोंटोला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी गोव्यातली अनेक कुटुंबं इकॉनॉमीची पहिली रांग जादा पैसे भरून घेतात. पुढे कुणाची सीट नाही, समोर नुसती भिंत, म्हणजे ऐसपैस जागा, असा हिशेब. काहींच्या बाबतीत तो बरोबर ठरतो, पुष्कळांच्या बाबतीत साफ चुकतो. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून आखातापर्यंतच्या साडेतीन-चार तासांत चूक खपून जाते; पुढच्या सात किंवा चौदा तासांच्या विमानात ती अंगावर येते.

पुढे सीट नाही म्हणून ट्रे आर्मरेस्टच्या पोटात घडी करून ठेवलेला असतो. काही विमानांत स्क्रीनही तिथेच. त्यामुळे आर्मरेस्ट जाड, बाजूने भरीव आणि वर न उचलणारी. बसायची रुंदी इतर रांगांपेक्षा थोडी कमी भरते. स्थूल माणसाच्या मांड्या दोन्ही बाजूंनी दाबल्या जातात आणि ट्रे पोटाला अडून तिरका राहतो. शेजारची सीट रिकामी मिळाली तरी आडवं होता येत नाही.

व्हीलचेअर मागणारे बरेचसे ज्येष्ठ थोडंफार चालतात, पायऱ्याही चढतात. लांबचं अंतर तेवढं झेपत नाही. त्यांच्या तिकिटावर ‘डब्ल्यूसीएचआर’ असतं आणि त्यांना ही रांग चालते. पण ज्यांना विमानातल्या अरुंद चाकाच्या खुर्चीवरून सीटवर सरकवावं लागतं, म्हणजे ‘डब्ल्यूसीएचसी’, त्यांच्यासाठी ही रांग कृपा करून घेऊ नका. आयलकडची, म्हणजे ये-जा करायच्या वाटेकडची, आर्मरेस्ट हलत नसली तर माणसाला तिच्यावरून उचलून न्यावं लागतं. मागच्या काही रांगांत हीच आर्मरेस्ट खालची कळ दाबल्यावर वर जाते. ती रांग कोणती, हे कंपनीला आधी विचारून घ्यावं.

पायांपाशी सामान ठेवता येत नाही. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी पर्ससुद्धा वरच्या कप्प्यात टाकावी लागते, आणि डोक्यावरचा कप्पा बऱ्याचदा आधीच भरलेला असतो. इनहेलर, साखर उतरली तर लागणाऱ्या गोळ्या, चष्मा हे स्वेटरच्या खिशात हवं. साडीला खिसा नसतो, म्हणून खिशाचा स्वेटर आठवणीने द्यावा.

खरा फायदा कुणाला? ज्यांचा गुडघा नीट वळत नाही त्यांना. सांधा बदललेले ज्येष्ठ यात बरेच असतात. पण इथेही बाजू पाहावी लागते. ३-४-३ मांडणीच्या बोइंग ७७७ मध्ये सीटची अक्षरं सहसा एबीसी, डीईएफजी, एचजेके अशी असतात. उजवा पाय आखडलेला असेल तर सी किंवा जी, डावा असेल तर डी किंवा एच. तरच तो पाय आयलकडे लांब करता येतो. अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत पाय अजिबात वळत नसलेल्या प्रवाशाला त्याच्या पायाला सोयीच्या बाजूची भिंतीसमोरची किंवा जास्त जागेची सीट देणं तिथल्या नियमाने बंधनकारक आहे. उंच माणसाचं मात्र उलटं होतं. एरवी पाय पुढच्या सीटखाली जातात; इथे भिंत जमिनीपर्यंत असली तर बूट तिलाच अडतात.

याच भिंतीवर बाळाचा पाळणा लागतो. वजनाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी, साधारण दहा-बारा किलोच्या आसपास. पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावं लागतं. चवथीला आणि नाताळात तान्ही मुलं घेऊन येणारी कुटुंबं वाढतात. पाळण्याची मागणी तिकीट काढतानाच, बाळाचं वय आणि वजन सांगून नोंदवावी. बाळासाठी गरज पडली तर पैसे भरून बसलेल्यालाही बहुतेक कंपन्या तिथून हलवू शकतात. तेव्हा ते पैसे परत मिळतात का, हे आधी वाचा. प्रसाधनगृह जवळ असलं तर रात्रभर उजेड आणि रांग, तेही धरून चाला.

आणखी एक गैरसमज: पुढे मोकळं असलं की पायात रक्ताची गुठळी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधल्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका दुप्पट होतो, साधारण सहा हजारांत एक. कारण एका जागी बसून राहणं, आणि ते भिंतीसमोरही तेवढंच घडतं. आयलची सीट घ्यावी, दर तास-दोन तासांनी उठावं, बसल्या बसल्या टाचा-चवडे हलवत राहावं. आधी गुठळी झालेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी गुडघ्याखालच्या घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच तिकीट नोंदणीतल्या पालकाशेजारी सीट देण्याचे निर्देश कंपन्यांना दिले. तशाच अधिकारात एवढंही सांगता येईल: सीटचे जादा पैसे घेण्याआधी आर्मरेस्ट उचलत नाही, पायांपाशी सामान ठेवता येत नाही आणि पाळण्यासाठी सीट बदलली जाऊ शकते, ही तीन वाक्यं पडद्यावर दाखवा. म्हापसा-मडगावच्या तिकीट एजंटांना तर त्यासाठी आदेशाचीही गरज नाही. ज्येष्ठांचं तिकीट काढताना गुडघा कोणता दुखतो, हे त्यांनी आजपासून विचारावं.

— एक वाचक, म्हापसा