नोटरी वकीलसाहेब आणि टायपिस्ट ताईंचे आभार
वडील गेल्यावर आईच्या पेन्शनचं काम अडलं. आधारवर एक नाव, वडिलांच्या सर्व्हिस बुकात तिचं घरातलं हाकेचं नाव. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र हवं होतं, तेही दुसऱ्याच दिवशी.

भर पावसात आचऱ्याहून रिक्षाने मालवणात आलो. ऑफिस माडीवर, आणि आईला गुडघ्यामुळे जिना चढवेना. कागद खाली नेऊन अंगठा घेऊन येतो, असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, "अंगठो माझ्यासमोरच व्हयो. थांबा, मीच येतंय खाली."

१९५२ च्या नोटरी कायद्याखाली ठेवतात ते जाडजूड रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते खरंच उतरले. रिक्षात आईशेजारी बसून त्यांनी ओळ न् ओळ मालवणीत समजावली. तेव्हाच आईने तिच्या माहेरच्या गावाच्या नावातली चूक पकडली. ताईंनी उघडलेला डबा तसाच ठेवून पान पुन्हा टाइप केलं. अंगठा उठल्यावर आईच्या बोटाची शाई साहेबांनी स्वतःच्या रुमालाने पुसली. किती हळुवारपणे! फी नेहमीचीच घेतली.

पेन्शन सुरू झाली. साहेब, ताई, मनापासून आभार. आईने तुमच्यासाठी सोलं सुकवून ठेवलीत, ती घेऊन येतोय.