कुदळ मारायच्या आधी

कोल्हापूर,
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा मला पुरतं बोलू देत नाहीत, म्हणून लिहितोय. दादाला सांगून मोठ्या अक्षरात छापून घ्या.

परवा बाबा म्हणाले, तिकडं अमेरिकेत दादा घेतोय त्या घरामागं चांगली पंधरा फुटांची मोकळी पट्टी आहे, ताबा मिळाला की पहिली कुदळ मारून आळू लावतो. मागनं आई म्हणाली, "मिरच्यापण." तेव्हा मी हसलो. रात्री दादानं पाठवलेले कागद उघडले आणि झोप उडाली. जागा कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्ड ह्या जुन्या लष्करी तळाची आहे. 1917 पासून तोफखान्याच्या सरावाची जमीन, 28,000 एकरांची छावणी, 1994 ला बंद झाली. आता तिथं विद्यापीठ आहे, वस्त्या आहेत, फिरायच्या वाटा आहेत. आणि काही भागांत मातीत न फुटलेले गोळे आहेत. लष्कर तीस वर्षं ते काढतंय, अजून संपलेलं नाही.

बाबा, तुम्ही म्हणणार, "आपलं गांधीनगर नाही का कॅम्पावर उभं राहिलं?" राहिलं की. पण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या त्या कॅम्पात 1943 पासून पोलंडचे निर्वासित राहत होते, त्यात बायका-पोरंच जास्त. ते गेले, सिंधी आले, कापडाची दुकानं लागली. मागं राहिल्या असतील तर चुली. तिथं कुणी तोफा डागल्या नव्हत्या.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, आई घाबरेल म्हणून. मागं आमच्या शिरोलीच्या भट्टीत स्क्रॅपमधनं शॉकॲब्सॉर्बरची एक बंद नळी गेली. निवडणाऱ्या पोरानं हातात घेऊन बघितली होती. नुसता गंजलेला तुकडा वाटला त्याला. भट्टीत पडल्यावर वितळलेल्या लोखंडाचा रस छताच्या पत्र्याला जाऊन लागला. कुणी जवळ नव्हतं म्हणून निभावलं. ती साधी गाडीची नळी, त्यात गोळ्यासारखी स्फोटक दारू नव्हती. गंज चढला की बोल्ट काय, पाइप काय आणि गोळा काय, सगळं एकाच रंगाचं दिसतं, हे मी रोज बघतो.

तिथली माणसं यंत्र घेऊन जमीन तपासतात. पण यंत्र लोखंड ओळखतं, दारू ओळखत नाही. खिळा असला तरी वाजतं, गोळा असला तरी वाजतं. मग वाजेल तिथं खणून बघायचं, आणि बहुतेक वेळा भंगारच निघतं. शिवाय यंत्राला ठरावीक खोलीपर्यंतच कळतं. त्यामुळं एजंट दादाला म्हणाला ना, "सगळं क्लिअर आहे," तर त्याला विचारायचं, किती खोलीपर्यंत? आणि ह्याच प्लॉटवर आधी काय होतं? बराकी होत्या की नेमबाजीची जागा? बराकी असतील तर माझी निम्मी काळजी गेली. सगळ्यात वाईट पट्टा तारेच्या कुंपणात आहे आणि लोकांना बंद आहे, हे मीही वाचलंय. उगाच भीती घालत नाही.

पण सॅन दिएगोजवळचं टिएरासांता बघा. दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराचा सराव चालायचा, नंतर घरं झाली. 1983 च्या डिसेंबरात घरांमागच्या घळीत पोरांना एक गोळा सापडला. आठ-आठ वर्षांची दोन पोरं गेली. आपला नातू आता आठचाच आहे ना? त्याला मात्र शाबासकी द्या. फोनवर तो मला म्हणाला, "काका, शाळेत शिकवलंय, ओळखायचं, मागं फिरायचं, मोठ्यांना सांगायचं." आजोबांनाही शिकव म्हटलं.

आपल्याकडं काय वेगळं आहे म्हणा. 2018 साली वर्ध्याकडच्या पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना सहा माणसं गेली. ती तर त्याच कामावरची माणसं होती.

फोर्ट ऑर्डच्या काही भागांत दहा घनयार्ड किंवा जास्त माती हलवायची तर परवाना लागतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास ह्या आपल्या हिशोबात जवळपास पावणेतीन ब्रास. आळूचा वाफा त्यात बसत नाही, म्हणजे नियमानं बाबा मोकळे! हेच मला खटकतंय. गोळ्याला काय कळतंय ब्रास?

आईसाठी एक. गोळे शोधायला जमीन दिसावी म्हणून तिथं झुडपं मुद्दाम जाळतात. 2003 ला अशी आग ठरवल्यापेक्षा जास्त पसरली होती. जाळायची सूचना आली की खिडक्या लावून घरात बस, पंप जवळ ठेव. "एवढ्याशा धुरानं काय होतंय" असं वहिनीला सांगू नकोस. तुझा दमा मला माहीत आहे.

दादावर चिडू नका. त्यानं शाळा बघितली, समुद्र बघितला, हप्ता बघितला. माझ्यासारखं भंगारात त्याचं आयुष्य गेलं नाही. सही करायच्या आधी जमिनीचे जुने कागद मागून घे, एवढंच त्याला सांगा. माझं नाव घ्या, चालेल. तसाही तो मला घाबरट म्हणतो.

आळू कुंडीत लावा. माती पिशवीतली, दुकानातली. मिरच्यांनाही तेवढं पुरतं.

बाबा, तुमची कुदळ इथं न्हाणीच्या मागं आहे. दांडा ढिला झालाय, कालच पाण्यात भिजत घातलीय. तुम्ही याल तोवर घट्ट बसेल.

तुमचा,
धाकटा