‘मॅडम, मन्हा लॅपटॉपवर चालस ना!’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चोपडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळते. यंदाच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत जे पाहिलं, ते पोटात ठेवून बसवेना, म्हणून हे पत्र.

अमळनेरकडची एक विद्यार्थिनी. घरी कापूस. कोणत्या मजुराने कोणत्या दिवशी किती किलो वेचला, कुणी किती उचल घेतली, कुणाचं देणं राहिलं, असा हिशेब ठेवणारी वेबसाइट तिने बनवली होती. नावं सगळी देवनागरीत. तिच्या वडिलांनी दोन वेचण्यांचा हिशेब त्यावरच ठेवला होता. आमच्या लॅबमध्ये मात्र ती उघडेना. वेबसाइटची भाषा पीएचपी. तिच्याकडे तिची ८.२ आवृत्ती, आमच्या जुन्या झँपमध्ये (वेबसाइट आपल्याच संगणकावर चालवून बघायचं तयार पॅकेज) ५.६. तिने कोडमध्ये ‘मॅच’ (पर्यायांतून जुळणारा निवडायची रचना) वापरलेलं. ते पीएचपीत आलंच ८.० पासून. पहिल्याच पानावर सिंटॅक्स एरर, म्हणजे ‘ही भाषा कळत नाही’. घाईघाईने ते बदललं, तर डेटाबेस आत येईना: ‘अननोन कोलेशन’. तिचा डेटाबेस मायएसक्यूएल ८, झँपमध्ये त्याचाच भाऊबंद, जुना मारियाडीबी. अक्षरांचा क्रम लावायची नव्याची पद्धत जुन्याला ठाऊकच नाही. ती रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, मन्हा लॅपटॉपवर चालस ना!” म्हणजे, माझ्या लॅपटॉपवर तर चालतं ना! परीक्षकांना अहिराणी समजली की नाही ठाऊक नाही, गुण मात्र कापले गेले.

यावर उपाय नाही असंही नाही. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवायचं साधन, २०१३ पासून सर्वांसाठी खुलं आहे. प्रोग्रॅम, त्याला लागणारी पीएचपीची नेमकी आवृत्ती आणि सेटिंग एका कंटेनरमध्ये, डेटाबेस दुसऱ्या कंटेनरमध्ये, आणि दोघांना एकत्र उठवणारी एक कंपोज फाइल. लॅपटॉप कुणाचाही असो, आत तेच चालतं. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या आमच्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच हाताळावं लागतं, आणि मग ती मला फोन करून विचारतात.

म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत मीच करून पाहिलं. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी बंद लॅबमध्ये एकेका संगणकाच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवायची सोय, सुरू करतेय. विंडोजवर त्याशिवाय डॉकर डेस्कटॉप चालत नाही. ४ जीबी रॅमच्या मशीन तर त्याच्या ओझ्यानेच बसल्या. त्यांच्यावर शेवटी उबुंटू टाकलं. उबुंटू म्हणजे लिनक्सच, आणि लिनक्सवर कंटेनर यजमान संगणकाचाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो, मध्ये दुसरी मशीन उभी करावी लागत नाही, त्यामुळे त्याच जुन्या डब्यांवर काम नीट होऊ लागलं.

मग चुका. डेटाबेसचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हाच संगणक’) लिहिलं की वेबसाइट स्वतःच्याच कंटेनरमध्ये डेटाबेस शोधत बसते. तिथे कंपोज फाइलमधलं सेवेचं नाव द्यावं लागतं. पीएचपीच्या तयार इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) मायएसक्यूएलशी बोलणारा भाग नसतो, तो डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, घालावा लागतो. डेटाबेस जागा व्हायच्या आतच वेबसाइट दार ठोठावते आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून पडते. त्याला हेल्थचेक, म्हणजे डेटाबेस तयार झालाय का याची तपासणी, हवा. आणि सगळं बंद करायच्या ‘डाउन’ आदेशापुढे ‘उणे व्ही’ ही दोन अक्षरं मी सवयीने टाकली, तेव्हा डेटा जिथे साठतो त्या व्हॉल्यूमसकट सगळा डेटा साफ झाला. सरावाचा होता म्हणून बरं!

खरी अडचण इंटरनेटची. पूर्ण लॅब एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर जाते, आणि डॉकर हब, म्हणजे इमेज जिथून उतरवतात ते संकेतस्थळ, लॉगइन न करणाऱ्यांना एका पत्त्यावरून ठरावीक वेळात ठरावीकच डाउनलोड देतं. तीस मुलं एकदम बसली की अर्ध्यांना नकार. म्हणून मी घरून एकदाच इमेज उतरवल्या, लागणारा भाग आत घालून नवी इमेज बांधली, ‘डॉकर सेव्ह’ने फाइल केली आणि पेन ड्राइव्हवर आणली. लॅबमध्ये ‘डॉकर लोड’. नेट बंद असतानाही सगळं उभं राहिलं. त्या मुलीची वेबसाइटही. पण निकाल तोवर लागून गेला होता.

आमच्याच स्टाफरूममध्ये एक सर म्हणतात, मुलांनी सर्व्हर हाताने बसवायला शिकलंच पाहिजे. शिकावं की. पहिल्या वर्षी दोनदा बसवावं, डेटाबेसचा पोर्ट ३३०६ कुणी अडवलाय ते शोधावं. पण अंतिम वर्षाच्या परीक्षेत लॅबचं झँप किती जुनं आहे याचे गुण मुलांच्या पदरात का?

परीक्षेचे नियम ठरवणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे: प्रोजेक्टसोबत डॉकरफाइल आणि कंपोज फाइल घ्या, आणि परीक्षकांना ती चालवून बघू द्या. मूळ इमेजच्या आवृत्त्या वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा; आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहिलं की जूनमधलं प्रोजेक्ट मार्चमध्ये तेच राहील याची खात्री नसते.

माझ्याकडच्या दोन इमेज मिळून सव्वा जीबीच्या आसपास आहेत. जिल्ह्यातल्या कुठल्याही लॅबला हव्या असतील तर येताना रिकामा पेन ड्राइव्ह आणावा. आमचे दोन आधीच कुणीतरी नेलेत, ते अजून परत आलेले नाहीत.

आपली,
एक प्रयोगशाळा सहायक,
चोपडा, जि. जळगाव