यादीत नाव लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला तोंडावर धन्यवाद म्हटलं की तुम्ही विषय बदलता, चहा सांगता, नाहीतर ‘बिल निघालं का?’ असं उलट विचारता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तरी तुम्हाला मधेच तोडता येणार नाही.

तुमचं नाव घेत नाही आणि कॉलेजचंही. माझी नेमणुकीची ऑर्डर अजून दरवर्षी नव्याने निघते, एवढं कारण पुरे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: आम्हाला पगार नसतो, घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही आठवड्याला 9 तासांपर्यंत. दिवाळीची सुट्टी म्हणजे कोरडी दिवाळी, उन्हाळा तर विचारूच नका. 2018मध्ये पदवीच्या तासाला 500 रुपये झाले तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. दर नंतर वाढला, बिलं मात्र अडकायची तिथे अडकतातच. त्याच 2018मध्ये सहायक प्राध्यापकांची 3,580 पदं भरायला मंजुरी मिळाली होती. अर्ध्याहून कमी भरली, तोवर कोरोना आला, 4 मे 2020च्या शासन निर्णयाने नवीन भरतीवर बंदी आली आणि उरलेल्या 2,088 पदांना पुन्हा परवानगी मिळायला नोव्हेंबर 2021 उजाडलं. आमच्या विभागातलं निवृत्त सरांचं पद त्यातही बसलं नाही. त्या पदाचे तास मी घेते. पद रिकामं आहे, वर्ग रिकामा नाही.

तुम्ही प्राध्यापक संघटनेचं काम हातात घेण्याआधी मी तिच्या दारात गेले नव्हते असं नाही. तेव्हाचे पदाधिकारी म्हणाले होते, ‘मॅडम, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तो शासन पातळीवरचा आहे.’ हेच लोक चहाच्या टेबलावर 2013च्या परीक्षा बहिष्काराच्या गोष्टी रंगवून सांगतात. फेब्रुवारी ते मे, परीक्षेचं काम बंद. मागण्या बऱ्याच होत्या, त्यातली एक 1991 ते 2000 या काळात लागलेल्या, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास नसलेल्या सहकाऱ्यांसाठी होती. त्यांच्यासाठी एमफुक्टो, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांची शिखर संघटना, उभी राहिली, मला त्याचा आदरच आहे. पण आम्ही नेट, सेट, पीएचडी असं सगळं घेऊन दारात उभे, तर आमचा प्रश्न वेगळा! प्राचार्यांबद्दल काय लिहू? त्यांचं ‘बघू’ मी इतकी वर्षं ऐकलंय की आता त्यांनी खरंच काही बघितलं तर मलाच धक्का बसेल.

यंदा नव्या शैक्षणिक धोरणामुळे वर्कलोड पुन्हा मोजायचं ठरलं आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कायम शिक्षकाचे आठवड्याचे 16 तास भरले नाहीत तर तो अतिरिक्त ठरायची भीती. मग सोपा उपाय निघाला: आमचे तास काढून त्यांना द्यायचे, आणि खर्च वाचवायला प्रॅक्टिकलच्या दोन बॅचची एक करायची. भूगोलापासून सुरुवात. आमच्याकडे चालू स्थितीतला प्लेन टेबल, म्हणजे जमिनीची मोजणी करून नकाशा काढायचा तिपाईवरचा फळा, एकच आहे. त्याभोवती बारा-पंधरा मुलं उभी केली तरी मागच्या दोघी-तिघींना ॲलिडेडमधून (नेम धरायच्या पट्टीतून) काय दिसतंय ते कळत नाही, त्या पुढच्यांच्या शीटवरून रेघा उतरवतात. तिथे तीस मुलं उभी करायची म्हणे. हे ठरवणाऱ्यांपैकी एकानेही प्रॅक्टिकलच्या खोलीत कधी पाऊल टाकलेलं नाही.

बैठकीच्या आधी कार्यालयाने वर्कलोडचा तक्ता काढला. कायम शिक्षकांची नावं, पदव्या, सेवा सगळं नीट टाईप केलेलं. आम्ही नुसते सीएचबी, म्हणजे ‘क्लॉक अवर बेसिस’, तासिकावाले: सीएचबी-1, सीएचबी-2, सीएचबी-3. मी तीन नंबर. तुम्ही जिन्यात मला थांबवलंत, तो कागद भिंतीवर धरलात आणि विचारलंत, ‘पूर्ण नाव सांगा. वडिलांचं लावता की मिस्टरांचं?’ मी सांगितलं. ‘नेट की सेट?’ दोन्ही. ‘पीएचडी?’ झाली सर, पाच वर्षं झाली. तुम्ही सीएचबी-3वर काट मारून वर सगळं लिहिलंत. रकाना अरुंद, त्यात भिंत खडबडीत, त्यामुळे अक्षरं वर चढत गेली आणि ‘पीएचडी’ समासात गेली. मग बाकीच्या दोघांना शोधून काढलंत, त्यांचंही लिहिलंत. गेटबाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढून आणल्यात आणि बैठकीत प्रत्येकापुढे एकेक ठेवलीत.

सर, इतक्या वर्षांत त्या कॉलेजच्या कागदावर माझं नाव पदवीसकट पहिल्यांदा आलं, ते तुमच्या हस्ताक्षरात.

बैठकीत काय काय झालं ते इथे उगाळत नाही. एक मात्र सांगायलाच हवं. कुणीतरी म्हणालं, ‘सीएचबी-तीनचे चार तास कमी करू.’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘कागदावर नाव आहे. नाव घेऊन बोला.’ त्यांनी कागद वर-खाली केला, चष्मा लावला, नाव वाचलं. नाव वाचल्यावर मात्र ‘कमी करू’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना. त्यानंतर तुम्ही आपल्याच लोकांकडे वळून म्हणालात की आपले सोळा भरायला यांचे नऊ ओढायचे नाहीत, तास कमी पडतात ते पदं भरली नाहीत आणि विषय कापले म्हणून, या तिघांमुळे नाही. तुमच्या सभासदांपैकी दोघांचे चेहरे तेव्हा पडले होते, मी पाहिलं. आम्ही तुमचे सभासदसुद्धा नाही. पुढच्या निवडणुकीत आमचं मत तुम्हाला पडणार नव्हतं.

बॅचेस वेगळ्याच राहिल्या. तास राहिले. पद भरलं गेलेलं नाही आणि ते तुमच्या हातातही नव्हतं, त्यामुळे कुणी याला विजय वगैरे म्हणू नये. पण तुमच्यासारखी माणसं प्रत्येक कॉलेजात एखाद-दुसरं असतंच. मोर्चाच्या फोटोत ती कडेला असतात, नाहीतर नसतातच, कारण तेव्हा कुणाचं तरी बिल घेऊन ती उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाच्या बाकावर बसलेली असतात. संघटना त्यांच्यावर चालते, आणि सत्कार होतात भाषणं करणाऱ्यांचे.

पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. हार-तुरे नकोत असं आत्तापासून बजावून ठेवलंयत, ते आम्ही तिघांनी ऐकलंय आणि मानायचं नाही असं ठरवलंय. शाल घ्यावीच लागेल. आणि त्याआधी एक काम: सेमिस्टर दोनचा तक्ता सोमवारी लागतोय असं कळलंय. फोन सायलेंटवर ठेवू नका.

आपली नम्र,
भूगोल विभागातली एक प्राध्यापिका
(तासिका तत्त्वावर)