कात्री अजून आमच्याकडेच आहे, काकू

काकू,

शि. सा. न. वि. वि.

दोन जिने चढलं की तुमचं दार, तरी पत्र लिहितोय. समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, चहा घेणारेस ना?" म्हणून विषय बदलता. लग्नानंतर आई साडी घेऊन वर आली, तिचीही तुम्ही अशीच बोळवण केलीत. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. इथे चहा मध्ये आणता येणार नाही.

धाकटीच्या लग्नात स्टेज, गेट आणि येण्याच्या वाटेच्या सजावटीचे डेकोरेटरने ५८ हजार सांगितले. आमच्याकडे त्यासाठी १५ हजार होते. "घरीच करू की!" असं मीच तावातावाने म्हणालो. प्रत्यक्षात मला कागदाच्या होडीपलीकडे काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी रविवार पेठेतून चमकीचे कागद, रिबिनी, ग्लू गनच्या कांड्या असं १,२०० रुपयांचं सामान उचलून आणलं. तुम्ही पिशवीत डोकावलात आणि एवढंच विचारलंत, "कार्यालयाची मापं कुठायत?"

मापं कुठली! दुसऱ्या दिवशी शिवणाची टेप गळ्यात अडकवून तुम्हीच माझ्याबरोबर कार्यालयात आलात. भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टीही नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. माझा चेहरा पडला. तुम्ही मॅनेजरना विचारलंत, "जमिनीवर डबे ठेवलेले चालतील ना?" रंगाचे रिकामे डबे, त्यात वाळू, वाळूत बांबू, आणि आडव्या-उभ्या बांबूंना सुतळीच्या गाठी. स्टेजची अख्खी पाठ त्यावर उभी राहिली आणि भिंतीला कुणाचं बोटही लागलं नाही.

खळीचं प्रकरण तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, तेव्हा आता मीच सांगतो. पताकांना मैद्याची खळ करताना चिमूटभर मोरचूद घालायचं आणि नंतर हात स्वच्छ धुवायचे, असं तुम्ही बजावलं होतंत. मोरचूद आणायचा कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून पताकांची माळ काढली तर प्रत्येक पताकेची चिकटवलेली घडी झुरळांनी कुरतडून नेमकी तेवढीच खाल्लेली. दोनशे पताका! तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, मशीनचं झाकण उघडलंत आणि उरलेल्या कागदांवर सरळ शिलाई मारत सुटलात. खळ नाही, काही नाही. दोन तासांत माळ तयार. आधी हे का नाही सुचवलंत, असं विचारायचं ओठावर आलं होतं. नाही विचारलं ते बरं झालं.

झेंडूचं गणित मात्र मी जन्मभर विसरणार नाही. मी ४० किलो धरला होता, तुम्ही तो १८ वर आणलात. माणसाचा हात पोचतो आणि फोटो निघतो तिथवर खरी फुलं. त्याच्या वर कागदाची. क्रेप पेपरची तीन बोटं रुंद पट्टी, एका कडेला कात्रीने झालर, मग गुंडाळत जायचं आणि बुडाला दोऱ्याची घट्ट गाठ. शेवटी फुंकर मारून पाकळ्या मोकळ्या करायच्या. माझी पहिली वीस फुलं लसणाच्या गड्ड्यासारखी दिसत होती. तुम्ही ती टाकू दिली नाहीत, सगळ्यात वरच्या ओळीत ओवलीत. खरी फुलं आदल्या दिवशी पहाटे मार्केट यार्डातून आणली, तेव्हा ती धुवायलाही तुम्ही मनाई केलीत. ओल्या गोणपाटावर पसरून ठेवलेली फुलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टवटवीत होती.

नावांची पाटी थर्माकोलची करावी असा आमच्या मामांचा आग्रह. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे हे त्यांना पटेना. तुम्ही वाद न घालता बुरूड आळीतून सुपं मागवलीत, गेरूने रंगवलीत आणि एकेका सुपावर एकेक अक्षर पांढऱ्या रंगाने काढलंत. मामांनी सगळ्यात जास्त फोटो त्या सुपांपुढे काढून घेतले. (आणि ती कल्पना स्वतःची म्हणून सांगतायत. सांगू देत.)

अंतरपाटाबद्दल लिहायचं ठरवलं की शब्द अडतात. आजीच्या नऊवारीचा धडका भाग निवडून तुम्ही तो केलात, कुंकवाच्या रंगाच्या दोऱ्याने साखळी टाक्याचं स्वस्तिक भरलंत. कोपऱ्यात आजीने स्वतः केलेलं रफू होतं. मी म्हणालो, तेवढं कापून टाका. तुम्ही ते आतल्या अंगाला, धाकटी उभी राहणार होती त्या बाजूला ठेवलंत. मंगलाष्टका चालू असताना ती खाली न बघता त्या कोपऱ्याकडे बघत होती. माझ्याशिवाय कुणाच्या ते लक्षात आलं नसावं. तुमच्या आलं असेल.

हिशेब असा: माझे वाया गेलेले १,२०० धरून एकूण ११,७४०. त्यात तुमच्या तीन आठवड्यांच्या रात्री धरलेल्या नाहीत, आणि तुमच्याकडच्या खणाच्या कात्रणांचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. घरी केलेलं स्वस्त पडतं असं आता कुणी म्हणालं तर मी त्याला आधी विचारतो, वरच्या मजल्यावर कोण राहतं?

आता ते कात्रीचं. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, असं तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतंत. कागदाला मी ती खरंच लावली नाही. शेवटच्या रात्री तार कापली. दोनदा. धारवाल्याकडे दिली आहे, तो मंगळवारी देतो म्हणालाय. मिळाली की घेऊन येतो, तेव्हा चहा मात्र घेईन.

तुमचा,
तळमजल्यावरचा