काचेआडचं ऊन कासवाला पुरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत कासव पाळण्यावरचा लेख वाचला. ‘जागा कमी, कष्ट कमी, मुलांना विरंगुळा’ असं आपण बिनदिक्कत छापलंत. अकरा वर्षं लाल कानाचं कासव सांभाळतेय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आणलं तेव्हा ते तळहातावर मावायचं. ‘भांडं लहान ठेवा, म्हणजे तेही लहानच राहील,’ असं विकणाऱ्याने सांगितलं आणि मला ते खरं वाटलं. ऊन लागतं एवढं ठाऊक होतं, म्हणून टाकी बंद खिडकीशी ठेवली. दगडावर चढून, मान ताणून, मागचे पाय पसरून ते तासन्‌तास पडून राहायचं. मी निश्चिंत. काचेतून ऊब येते, पण कासवाला हवे असलेले अतिनील किरण काच जवळजवळ सगळे अडवते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते किरण नसले की ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. एकदा टाकी धुताना त्याला उचललं, तर कडेचं कवच अंगठ्याखाली दबलं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं. कवच काही वरून चढवलेलं नसतं, कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या असतात. माझा अंगठा त्याच्या हाडांवर होता. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण पाठ कायमची वेडीवाकडी झाली.

आपल्या अख्ख्या लेखात अतिनील दिव्याचं नावही नाही. हा दिवा पेटलेला दिसतो, पण बहुतेक दिव्यांतले ते किरण ६ ते १२ महिन्यांत क्षीण होतात, मग दिवा बदलावाच लागतो. या जातीची मादी जवळपास फूटभर वाढते, नीट सांभाळली तर २०-३० वर्षं जगते, आणि नर नसतानाही अंडी घालते. त्यासाठी तिला उकरायला माती लागते. पाण्याचा ठोकताळा म्हणाल तर कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर. याला कमी जागा म्हणायचं?

आणि मुलांचा विरंगुळा! लहान मुलं कासव तोंडापाशी नेतात, त्यातून साल्मोनेला या पोटाचा आजार करणाऱ्या जंतूची लागण होते. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान पाळीव कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. पुढे कासव वाढलं की कंटाळलेली माणसं ते तळ्यात सोडून येतात आणि तिथल्या मूळच्या कासवांची जागा जाते.

शेवटी त्या फोटोबद्दल. टबभर पाण्यात बसवलेलं ते कासव जमिनीवरचं आहे. घुमटासारखी पाठ, खांबासारखे पाय. पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पडदे असतात. मराठीत दोघांनाही कासवच म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो हे मान्य. पण जमिनीवरचं कासव खोल पाण्यात बुडून मरतं. आपला फोटो बघून कुणी आपलं कासव टबात ठेवण्याआधी कृपया दुरुस्ती छापा. तीही पुरवणीच्या पहिल्या पानावर, जिथे तो फोटो होता तिथेच.

आपली नियमित वाचक