थेंब बुडायला हवा

धनकवडी, पुणे
मंगळवार, रात्री साडेदहा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू दार आपटून गेलीस ते एका परीनं बरंच झालं. आणखी पाच मिनिटं थांबली असतीस तर माझ्या तोंडून नको ते निघालं असतं. फोनकडे हात जातोय, पण फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला वरच्या पट्टीत जाते असं बाबांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. म्हणून कागद. हिमोग्लोबिनबद्दल यात एक अक्षर लिहिणार नाही, असं त्यांना कबूल केलंय.

हनुवटी कशी आहे? टाक्यांना पाणी लावू नकोस.

शुक्रवारी रक्तदान करून आल्यावर तू अंघोळीत पडलीस, ते झालं काय हे आधी समजून घे, कारण तुला दवाखान्यात ‘वीकनेस’ एवढंच सांगून गोळ्या दिल्या. तो वीकनेस नव्हता. तुझं वजन ४७ किलो. अंगात सगळं मिळून तीन लिटरच्या आसपास रक्त. त्यातलं ३५० मिलिलिटर दिलंस, म्हणजे दहाव्या हिश्श्याहून जास्तच. एवढं द्यायला हरकत नसते. ४५ किलोच्या वर ३५०ची पिशवी घेतात आणि ५५च्या वर ४५०ची. त्यातला पाण्याचा भाग शरीर एक-दोन दिवसांत भरून काढतं, पण त्यासाठी पोटात पाणी जावं लागतं. तू दिवसभरात दोन चहा घेतलेस. संध्याकाळी गीझरच्या कडकडीत पाण्यानं अंघोळ केलीस. गरम पाण्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांकडे उतरतं, डोक्याला कमी पडतं, आणि समोर नळ असतो. शिबिरात ठणठणीत असलेला माणूस काही तासांनी असा पडू शकतो. कॉटवर आलेली चक्कर परवडली, तिथे निदान धरायला चार माणसं असतात.

पुढच्या वेळी (आहे पुढची वेळ, मी तुला थांबवत नाहीये) चार तासांच्या आत नीट जेवण झालेलं हवं. वडापाव म्हणजे जेवण नव्हे. सुई टोचण्याआधी अर्धा लिटर पाणी, घटाघट नाही, पंधरा-वीस मिनिटांत. झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं आडवं राहायचं, मग पाय खाली सोडून बसायचं, मग उठायचं. लगेच गाडीला किक नाही. त्या दिवशी कडक पाण्याची अंघोळ नाही, जिम नाही, त्या हातानं सिलिंडर सरकवायचा नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तर भिंत धरून उभं राहायचं नाही. असशील तिथे, फरशी ओली असली तरी, आडवी हो आणि पाय वर घे. कपडे खराब होतात, हनुवटी वाचते.

सकाळी काय खाल्लं होतंस? विचारणार नव्हते.

आता ते ९८ दिवस. ८ मार्चला महिला दिनाच्या शिबिरात दिलंस आणि १४ जूनला, रक्तदाता दिनाला, पुन्हा. ‘नव्वद दिवस होऊन गेले होते’ असं तू तीनदा म्हणालीस. नव्वद दिवस पुरुषांना, बायकांना १२०. हा भेदभाव नाही, हिशोब आहे. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. रोजच्या जेवणातून शरीर शोषून शोषून एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. त्यात पाळीतून जातं ते वेगळं. लाल पेशींची संख्या दीड-दोन महिन्यांत जागेवर येते आणि माणसाला वाटतं, झालं भरून. पेशी दिसतात, लोहाचं कोठार दिसत नाही.

आणि तो फॉर्म. ‘याआधी रक्तदान कधी केले’ हा रकाना तू कोरा सोडलास आणि पलीकडच्यानंही विचारलं नाही. त्याची चूक आहेच, गर्दीत असं होतं म्हणून मी ती माफ करणार नाही. पण रकाना तुझ्या हातात होता. लोकांना वाटतं फॉर्म म्हणजे सरकारी उपचार, खरी तपासणी पुढे यंत्रावर होते. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही प्रकारची कावीळ, सिफिलिस, मलेरिया, हे सगळं प्रत्येक पिशवीचं तपासतात. पण नुकताच झालेला संसर्ग काही दिवस कुठल्याच चाचणीत दिसत नाही, आणि त्या दिवसांसाठी माणसाच्या खऱ्या उत्तराखेरीज दुसरी चाळणी नाही. तुझ्या त्या गोंदवून घेतलेल्या मैत्रिणीला सांग, टॅटूनंतर १२ महिने थांबायचं. डेंगी होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून सहा महिने, मलेरियाला तीन. रात्रपाळी करून झोप न घेता आलेल्यानंही त्या दिवशी परत जायचं. परत पाठवलं म्हणजे अपमान केला असं मुलांना का वाटतं कळत नाही.

लेक्चर झालं. माफ कर. एक परिच्छेदही न झोडता राहवत नाही मला.

तुला निळं पाणी आठवतं? शाळा सुटल्यावर रक्तपेढीतली माझी ड्यूटी संपेपर्यंत तू त्या उंच स्टुलावर बसायचीस, पाय लोंबकळत. बोट टोचून काढलेला थेंब मोरचुदाच्या पाण्यात पडायचा आणि लालबुंद मणी होऊन खाली जायचा. तू कळवळून म्हणायचीस, “बुडला गं बिचारा!” आणि एखादा तरंगला की टाळ्या. तुला किती वेळा सांगितलं, अगं, उलटं आहे ते, थेंब बुडायला हवा. ऐकलं नाहीस. त्या तरंगणाऱ्यांच्या बाजूनंच राहिलीस.

त्या पाण्याचं वजन असं बांधलेलं असतं की हिमोग्लोबिन साडेबारा किंवा वर असेल तर थेंब पंधरा सेकंदांत तळ गाठतो. कमी असेल तर मध्येच अडखळतो, कधी जरा खाली जाऊन पुन्हा वर येतो. थेंब सोडायचा तोही पाण्यापासून साधारण एक सेंटिमीटरवरून. त्यात हवेचा बुडबुडा असला तर चांगलं रक्तही तरंगतं. बोट फार पिळलं तर रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि निकाल कमी येतो. आणि ३० मिलिलिटर पाण्यात पंचवीस थेंब झाले की ते बदलायचं, पुढच्या थेंबांचा भरवसा नाही. तुझा थेंब कितवा होता कुणास ठाऊक. शिवाय हे पाणी पास-नापास सांगतं, आकडा सांगत नाही. साडेबारावालीही तळाला आणि चौदावालीही तळाला. कोठारात किती उरलंय ते पाहायला फेरिटिनची तपासणी करावी लागते.

झालं. काढलंच मी हिमोग्लोबिन. बाबांना सांगू नकोस.

बाय द वे, ते कॉलनीत तिघांना सांगून आलेत की आमची मनू कंपनीच्या शिबिरात सगळ्यांत आधी उभी राहिली. हनुवटीचं कुणाला सांगितलं नाही. पहिली उभी राहिल्याचं मीही सांगितलं, एकीलाच.

आता पालखीच्या पोह्यांचं. तू विचारलं होतंस ते भांडणात राहून गेलं. २०० प्लेटना जाडे पोहे १५ किलो धर, किलोला तेरा-चौदा प्लेटा होतात. शेंगदाणे दीड किलो, तेल अडीच ते तीन लिटर, मिरची पाऊण किलो, लिंबं साठ. कांदा घालू नका. वारकऱ्यांत कांदा-लसूण न खाणारे माळकरी असतात, आणि कांद्याचे पोहे उकाड्यात लवकर आंबतात. बटाटा घाला, सहा किलो, बारीक फोडी, आधी तेलात वाफवून. गल्लीतल्या मुलांचं नेहमी चुकतं ते हे: पंधराच्या पंधरा किलो एकदम भिजवतात, खालचा थर लगदा होतो आणि वरचा कोरडा राहतो. चाळणीत तीन-तीन किलो धुवा, दहा मिनिटं निथळू द्या, मीठ-साखर पोह्यांनाच चोळून ठेवा आणि घाणे पाच करा. पहिला घाणा संपत आला की दुसरा चढवा. पातेलं गच्च झाकून ठेवलं तर वाफेनं गोळा होतो, उघडं ठेवलं तर तासाभरात कडक; वर ओलं फडकं. दोन तासांत संपले नाहीत तर उरलेले पुढच्या चौकात नेऊन वाटायचे नाहीत. टाकताना जीव तुटेल, तुटू दे.

आणि तिथी बघून ठरवा. माऊलींची पालखी बहुतेक एकादशीला पुण्यातून निघून दिवे घाट चढते. योगिनी एकादशीच्या सकाळी पोहे घेऊन उभं राहिलात तर अर्धे वारकरी हात जोडून पुढे जातील. त्या दिवशी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे-गूळ, केळी.

पण खरं सांगू का, पोहेच कशाला? पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला असतात ते दोन दिवस पुण्यात खाण्याचा पूर येतो. एका माणसाला चार जण बिस्किटं देतात, तो ती पिशवीत कोंबतो, पिशवी जड होते, मग रस्त्याकडेला राहते. दिंडीचा स्वतःचा ट्रक असतो, आचारी असतो. एखाद्या दिंडीचालकाला आधी फोन करून विचारा, महाराज, काय कमी आहे? बहुतेकदा उत्तर येतं की आज नको, परवाचं बघा. शिधा हवा असतो: तूरडाळ, तेल, गूळ, चहापावडर. नाहीतर तुटलेल्या चपला शिवणारा माणूस, तळपायांच्या फोडांसाठी मलम आणि पट्ट्या, फोन चार्ज करायला दहा सॉकेटची पट्टी. फोटोत पोहे चांगले दिसतात हे खरं. चपलेच्या अंगठ्याचा कोण फोटो काढणार!

रक्ताचंही असंच आहे, म्हणून तर मी त्या दिवशी चिडले. १४ जूनला, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना, गणपतीत पिशव्यांचा ढीग लागतो. लाल पेशी पिशवीतल्या एका साठवण-द्रावणात ३५ दिवस टिकतात, दुसऱ्यात ४२. प्लेटलेट पाचच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवून. आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा, सुट्ट्या, माणसं गावाला, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागायचं थांबत नाही. पावसाळा उलटता उलटता डेंगीच्या हंगामात प्लेटलेटची धावाधाव. तुझी पिशवी जूनऐवजी पुढच्या मेमध्ये गेली असती तर तीच पिशवी दुप्पट कामाची होती, आणि तोवर तुझे १२० दिवसही केव्हाच भरले असते. रक्तपेढीत नाव-गट-नंबर देऊन ठेव आणि ‘अडचण असेल तेव्हा बोलवा’ म्हण. व्हॉट्सॲपवरच्या ‘तातडीनं रक्त हवे’ला धावण्याआधी खालच्या नंबरावर फोन कर, त्यातले बरेच पेशंट केव्हाच बरे होऊन घरी गेलेले असतात आणि मेसेज मात्र फिरत राहतो. दादाचं पाहून एसडीपी (यंत्रानं नुसत्या प्लेटलेट काढून घेतात ते) द्यायचं डोक्यात घेऊ नकोस. त्याला वजन ५० किलोच्या वर लागतं.

आजी रोज तांदूळ धुण्याआधी एक मूठ त्या निळ्या डब्यात टाकायची. भरला की मठात. घरात तांदूळ कमी असला की मूठ लहान व्हायची, पण आधी भात आणि मग मूठ असं तिनं कधी केलं नाही, आणि सगळा डबा एकदम रिकामाही कधी केला नाही. तू तिसरीत असताना शाळेचा अख्खा डबा त्या नवीन आलेल्या मुलीला देऊन यायचीस, महिनाभर, आणि संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून झोपायचीस. मला पालकसभेत कळलं. दोन डबे द्यायला लागले तेव्हा कुठे तू जेवायला लागलीस. वाकडला दोन डबे कोण देणार?

म्हणून विचारते काय खाल्लंस ते. जेवणाबरोबर चहा घेऊ नकोस, त्यानं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर मागेपुढे. पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळ. लोखंडी तवा तुझ्या जुन्या बॅगेत घातला होता, वापर. गोळ्या मनानं घेऊ नकोस, रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तेवढ्याच, आणि त्या दुधाबरोबर नाहीत.

बाबा शनिवारी येतील. त्यांच्याबरोबर अळिवाचे लाडू पंधरा पाठवतेय, रोज एक. मैत्रिणींना वाटायचे तर वेगळे मागवून घे, हे मोजलेले आहेत.

टाके उद्या काढायचे आहेत ना? तिथेच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन करून टाक, दोन्हीला एकदाच रक्त काढतात, चमचाभर. रिपोर्ट दादाला नको, मला पाठव. आकडा काहीही असू दे, मी भांडणार नाही.

तुझी
आई

ता. क. मोठी चाळणी मामींकडे आहे, पातेली दोन आपल्या माळ्यावर. पोह्यांच्या दिवशी पहाटे चारला मी येते घाणे टाकायला, माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. काहीतरी खाऊन मात्र ये.